कान बंद झाला म्हणजे मळच असतो असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत कान बंद होण्यावरच्या घरगुती उपायांचं एक पानभर लिखाण आलं होतं, ते वाचलं आणि गप्प बसवेना म्हणून हे पत्र. लेख वाईट होता असं मला म्हणायचं नाही, बऱ्याच गोष्टी त्यात बरोबर होत्या, पण तेलाचे थेंब, जांभई, वाफ, नाक दाबून फुंकणं, च्युइंगम, मेणबत्ती असं सगळं एका रांगेत मांडून ठेवलेलं आणि कुठला उपाय कुठल्या कानाला हे कुठेच नाही. सब घोडे बारा टक्के. मळाने कान बंद झालेल्या माणसाने नाक दाबून कितीही फुंकलं तरी मळ तसूभर हलणार नाही, आणि सर्दीने दडे बसलेल्या माणसाने कानात वाट्टेल तेवढे थेंब टाकले तरी ते पडद्याच्या अलीकडेच राहणार, त्याचा त्रास पडद्याच्या पलीकडे. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कानाच्या डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत तुमच्या डोक्याला हेडफोन लावून ‘आवाज आला की बटण दाबा’ म्हणणारी जी बाई असते ना ती मी. दिवसभर समोर कान बंद झालेली माणसंच असतात आणि त्यातली बहुतेक येताना काहीतरी करून आलेली असतात. कोणी काडी घातलेली, कोणी ड्रॉप्स टाकलेले, कोणी मोबाईलला जोडायचा कॅमेरेवाला कोरणा ऑनलाइन मागवून स्वतःच आत जाऊन आलेलं. त्यांना दोष नाही देत मी, कान गच्च झाला की माणूस वैतागतो, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमत राहतो, समोरच्याला दहा वेळा काय काय करावं लागतं, त्यात कोणी ‘सोपा उपाय’ सांगितला की करून बघतोच. म्हणून तर छापताना जरा जपून छापायला हवं.

कानाचे तीन भाग शाळेत सगळ्यांनी काढलेत, नावं दिलीत, मार्क मिळाले आणि विसरले. थोडक्यात सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहेरची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब, जराशी नागमोडी, तिच्या टोकाला पडदा. पडद्यामागे हवेची छोटीशी पोकळी, त्यात तीन बारीक हाडं, आणि ही पोकळी एका अरुंद नळीने नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागाला जोडलेली. त्याच्याही आत कॉक्लिया म्हणजे ऐकण्याचा शंखासारखा अवयव, तिथून नस मेंदूकडे जाते. आता गंमत अशी की या तिन्हीपैकी कुठेही बिघाड झाला तरी पेशंटची तक्रार शब्दशः एकच असते, कान बंद झालाय, कापूस कोंबल्यासारखं वाटतंय. तक्रार एक आणि जागा तीन, आणि तिन्ही जागांचे इलाज पूर्ण वेगळे.

आधी मळ घेते कारण सगळ्यांच्या डोक्यात तोच बसलेला असतो. मळ म्हणजे घाण नाही हे सांगून सांगून आमची तोंडं दुखली. नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच त्याच्या ग्रंथी असतात, त्यांचा स्राव, गळलेल्या कातडीचे कण, बारीक केस आणि थोडी धूळ मिळून मळ होतो, तो किंचित आम्ल असतो, पाणी अडवतो, जंतू आणि बुरशीला वाढू देत नाही. काहींचा ओला चिकट असतो, काहींचा कोरडा पापुद्र्याचा, तेही एबीसीसी ११ नावाच्या एका जीनवर ठरतं, त्यात स्वच्छता-अस्वच्छतेचा काही संबंध नाही. आणि सगळ्यात भारी भाग हा की नळीच्या आतली कातडी स्वतःच पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सरकत असते, अगदी हळू, महिन्याला दोन-तीन मिलीमीटर, बोलताना चावताना जबडा हलतो त्याचीही त्याला मदत होते, आणि मळ आपल्या पायाने चालत कानाच्या तोंडाशी येऊन गळून जातो. आपण फक्त मध्ये पडायचं नसतं.

पण आपण पडतो. ग्रंथी बाहेरच्या भागात आहेत म्हणजे पडद्याजवळ मळ तयारच होत नाही, तिथे तो सापडला तर बहुतेक वेळा कोणीतरी तिथे नेऊन ठेवलेला असतो, आणि तो कोणीतरी म्हणजे इअरबड. थोडासा मळ कापसाला लागून बाहेर येतो, तो बघून समाधान वाटतं, आणि उरलेला सगळा तोफेत दारू ठासावी तसा आत ठासला जातो. ओटोस्कोपमधून, म्हणजे कानात बघायच्या दुर्बिणीतून, पाहिलं की कधीकधी मळाच्या गोळ्याच्या बरोबर मधोमध बडच्या टोकाएवढा गोल खळगा दिसतो, कडा अगदी गुळगुळीत, कापसाचा एखादा पांढरा धागा पण चिकटलेला, आणि समोरचा माणूस त्याच वेळी ठामपणे सांगत असतो की मॅडम मी कानात काहीच घालत नाही.

हा बड १९२३ साली अमेरिकेत लिओ गर्स्टनझांग यांनी विकायला काढला, बाळांच्या सफाईसाठी. आज त्याच बडच्या पाकिटांवर ‘कानाच्या नळीत घालू नका’ असं छापलेलं असतं, म्हणजे जी वस्तू लोक फक्त ज्या कामासाठी घेतात तेच काम करू नका असं कंपनी सांगते, आणि तरी सगळं सुरळीत चाललंय. अमेरिकेतच १९९० ते २०१० या काळात अशा काडीने कानाला इजा झालेली सुमारे २ लाख ६३ हजार मुलं इमर्जन्सीत आणावी लागली, दिवसाला साधारण ३४. त्यातली बहुतेक कान साफ करतानाच दुखावलेली. म्हणजे हौसेने खेळताना नाही, स्वच्छतेपायी. कॅमेरेवाल्या कोरण्याचं वेगळं काही सांगत नाही, दिसतं म्हणून भीती जाते एवढाच फरक, हात तोच आणि पडदाही तेवढाच पातळ.

मळ साचून कान बंद होतो तो बऱ्याचदा अचानक होतो आणि त्याने लोक घाबरतात. आंघोळ केली किंवा पोहून आलो आणि एक कान गपकन बंद. मळ आधीपासूनच होता, नळीत केसाएवढी जरी फट उरली असली तरी माणसाला नीट ऐकू येतं, पाणी गेलं की मळ फुगतो आणि ती फट बुजते. मग ‘कानात पाणी अडकलंय’ म्हणून डोकं आपटत बसायचं. वय वाढलं की मळ कोरडा आणि घट्ट होतो, कानाचं मशीन किंवा इअरफोन तासन्‌तास घालणाऱ्यांचा मळ बाहेर यायला वाटच मिळत नाही. जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकात हिशेब असा आहे की साधारण दहातल्या एका मुलाला, विसातल्या एका मोठ्या माणसाला आणि म्हाताऱ्या माणसांत तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांना मळ साचण्याचा त्रास असतो. घरातल्या आजोबांना हल्ली काहीच ऐकू येत नाही, वय झालं, असं म्हणून सोडून देण्याआधी कोणीतरी एकदा त्यांच्या कानात बॅटरी मारून बघा, एवढं तरी करा. अर्ध्या वेळा (बरं, अर्ध्या नसतील, पण वारंवार) मळ काढला की आजोबा टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी करतात.

उपाय तुमच्या लेखात होते ते इथे लागू आहेत, फक्त नीट सांगायला हवे होते. मळ मऊ करायला ऑलिव्ह ऑइल, ग्लिसरीन, सोडियम बायकार्बोनेटचे थेंब, पेरॉक्साइडचे थेंब असं बरंच मिळतं आणि यातलं एक दुसऱ्यापेक्षा नक्की चांगलं असं आजवरच्या अभ्यासांतून काही निघालेलं नाही, त्यामुळे महागडी बाटली घेतली म्हणून मळ जास्त विरघळत नाही. कुशीवर झोपायचं, बंद कान वर, कानाची पाळी वर आणि मागे ओढून धरायची म्हणजे नळी सरळ होते, थोडे थेंब टाकायचे, ते अंगाच्या तापमानाइतके कोमट हवेत, पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. तीन ते पाच दिवस. आणि हे कोणीच सांगत नाही म्हणून सांगते, पहिल्या एक-दोन दिवसांत कान आणखी बंद वाटू शकतो कारण मळ भिजून फुगतो, लोक तिथेच घाबरून काडी उचलतात आणि मग आगीतून फुफाट्यात. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, ठणकत असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा मुलाच्या कानात ग्रोमेट (पडद्यात बसवतात ती बारीक नळी) घातलेली असेल तर थेंब नाही, पाणी नाही, काही नाही, सरळ डॉक्टर.

कान धुणं म्हणजे पाण्याने पिचकारी मारून मळ काढणं हे डॉक्टर करतात ते ठीक, घरी सिरिंज घेऊन करू नका. पाणी बरोबर अंगाच्या तापमानाचं म्हणजे ३७ अंशांच्या आसपास लागतं, गार किंवा गरम पडलं की जागच्या जागी भोवळ येते. यामागे एक मजेदार कहाणी आहे, व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी पेशंटचे कान धूत असताना त्यांच्या लक्षात आलं की पाणी गार असलं की डोळे एका दिशेला झटके देतात आणि गरम असलं की उलट दिशेला, त्यावरून त्यांनी आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाची तपासणीच बसवली आणि १९१४ चं नोबेल मिळवलं, तेही ते महायुद्धात रशियाच्या कैदेत असताना. ती तपासणी आजही आम्ही करतो, कानात गार-गरम पाणी सोडून. डायबिटीस असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर कान धुण्याआधी डॉक्टरांना तसं नक्की सांगा, कारण नळीला झालेलं बारीकसं इन्फेक्शन या लोकांत हाडापर्यंत जाऊ शकतं. त्यांना सक्शनने मळ काढणं बरं, मशीनचा आवाज मोठा असतो पण काय चाललंय ते डॉक्टरला दिसत असतं.

मेणबत्तीचं काय सांगू. कानात पोकळ मेणबत्ती उभी करून पेटवायची म्हणजे ती मळ ओढून घेते म्हणे. मोजून बघितलंय लोकांनी, ओढ निर्माण होतच नाही, आणि नंतर आत जी पिवळट पूड दाखवतात ती मेणबत्तीचीच असते, कानात न घालता पेटवली तरी तेवढीच पडते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१० साली याविरुद्ध इशारा दिलाय, भाजतं, गरम मेण पडद्यावर पडतं. तुमच्या पानावर हा उपाय ‘काही लोक असेही करतात’ असं म्हणून आला होता. काही लोक बरंच काही करतात हो, पण पेपरात आलं की ते खरं वाटतं.

आता ज्याच्यासाठी मुळात पत्र लिहायला बसले ते. तुमच्या लेखात शेवटी होतं की आठवडा-दोन आठवडे घरगुती उपाय करून फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांना हे चालेल. पण एक प्रकार असा आहे ज्यात हेच दोन आठवडे सोन्यासारखे असतात. माणूस सकाळी उठतो, एक कान बंद. दुखत नाही, ताप नाही, सर्दीही असेलच असं नाही. कदाचित फोन त्या कानाला लावल्यावर कळतं की अरे काहीच येत नाहीये. सोबत कानात गुंऽऽ असा आवाज, कधी थोडी चक्कर. सगळ्यांना वाटतं मळ असेल. केमिस्टकडून ड्रॉप्स आणतात, चार दिवस टाकतात, मग कोणी म्हणतं सर्दीमुळे असेल, मग वाफ घेतात, असे दिवस जातात आणि जेव्हा माझ्या खोलीत येऊन बसतात तेव्हा कानाची नळी आरशासारखी स्वच्छ आणि ऑडिओग्रामची म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाची रेघ खाली गेलेली. याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात, तीन दिवसांच्या आत तीन लागोपाठच्या फ्रिक्वेन्सींना ३० डेसिबल किंवा जास्त ऐकू येणं कमी झालं की तो धरतात. बहुतेकांत कारण सापडत नाही. काहींचं आपोआप सुधारतं, पण कोणाचं सुधारेल ते आधी कोणी सांगू शकत नाही, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन हे जे काही हातात आहे त्याचा उपयोग जितकं लवकर तितका, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं, महिन्या-दीड महिन्यानंतर आलेल्या माणसाला आम्ही फारसं काही देऊ शकत नाही.

हे फार लोकांना होत नाही, वर्षाला लाखात पाच ते सत्तावीस असा अंदाज धरतात, म्हणून बातमी होत नाही. पण ज्याला होतं त्याचा एक कान कायमचा जाऊ शकतो.

मग घरी बसून ओळखायचं कसं. एक साधी युक्ती आहे, तुम्ही हे वाचता वाचता करून बघू शकता. एका कानात बोट घाला, घट्ट दाबून धरा आणि तोंड मिटून ‘हं’ असा लांब आवाज काढा. आवाज कुठे ऐकू येतो? बंद केलेल्या कानात जास्त येतो ना? बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असला की हाडातून जाणारा आवाज त्याच बाजूला मोठा वाटतो. म्हणजे मळ असो, पडद्यामागे पाणी असो, गुणगुणल्यावर आवाज बंद कानाकडे ओढला जायला हवा. तुमचा कान बंद वाटतोय, बोट कुठेच घातलेलं नाही, गुणगुणलात आणि आवाज चांगल्या कानाकडे गेला, तर गडबड आतली असू शकते, थेंबांची बाटली खाली ठेवा आणि एक-दोन दिवसांत कान तपासून श्रवणचाचणी करून घ्या. आम्ही ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून हेच बघतो, त्याला वेबर टेस्ट म्हणतात. गुणगुणणं म्हणजे चाचणीला पर्याय नाही, काहींना दोन्हीकडे सारखंच वाटतं, काहींना कळतच नाही, आणि एक कान अचानक गेलाय असं वाटलं तर गुणगुणण्याचं उत्तर काहीही येवो तपासणी करायचीच. पण निदान ‘मळच असेल’ या समजुतीला कुठेतरी खीळ बसते.

तिसरा आणि खरं तर मळाइतकाच नेहमीचा प्रकार म्हणजे दडे. मधल्या कानातून घशाकडे जाणारी जी नळी म्हटली तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात, सोळाव्या शतकातले इटलीचे शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्या नावावरून. साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास लांब, एरवी मिटलेली, गिळताना आणि जांभई देताना क्षणभर उघडते आणि आतली हवा बाहेरच्या हवेशी सारखी करते. सर्दी झाली, ॲलर्जी उसळली की तिच्या तोंडाशी सूज येते, ती उघडत नाही, आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि कान गच्च. सर्दी गेल्यावरही हे आठवडाभर, कधी त्याहून जास्त रेंगाळतं, आणि ‘सर्दी तर बरी झाली मग कान का नाही’ हा प्रश्न मला रोज येतो. उत्तर हेच की नाकातली सूज दिसते ती आधी उतरते, नळीतली मागाहून. गिळणं, जांभई, नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे, ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा स्प्रे, आणि धीर. नाक मोकळं करणारे जे झटपट स्प्रे मिळतात ते तीन-चार दिवसांच्या वर मारू नका, नंतर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. त्याच जातीच्या गोळ्या बीपीवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

विमानात दडे बसतात ते चढताना कमी आणि उतरताना जास्त, याचंही कारण हीच नळी. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. चढताना कानातली हवा फुगते आणि ती नळीतून सहज बाहेर पडते, उतरताना बाहेरून हवा आत यावी लागते आणि मिटलेल्या नळीला ते अवघड जातं, जितका उशीर कराल तितकी ती घट्ट मिटते. म्हणून विमान खाली यायला लागलं की झोपायचं नाही, झोपेत गिळणं कमी होतं. च्युइंगम, घोट घोट पाणी, तान्ह्या बाळाला दूध किंवा चोखणी. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, गाल न फुगवता हळूच हवा लोटायची ही व्हाल्साल्व्हा पद्धत, १७०४ सालची आहे, कानाचा अभ्यास करणाऱ्या इटालियन डॉक्टरची. हळूच म्हणजे खरंच हळूच, जोर लावून फुंकणारे लोक मी पाहिलेत, डोळे बाहेर येतात त्यांचे, त्याने पडद्यालाच नाही तर आतल्या कानालाही इजा होऊ शकते. आणि नाक वाहत असताना तर अजिबात नको, जंतू सरळ मधल्या कानात. त्यापेक्षा नाक चिमटीत धरून नुसतं गिळा, ही टॉयनबी पद्धत, जास्त सौम्य. (हे जोसेफ टॉयनबी लंडनचे कानाचे डॉक्टर, कानातल्या गुंगुं आवाजावर इलाज शोधताना क्लोरोफॉर्म आणि विषारी वाफा स्वतःवरच हुंगून बघत होते, १८६६ साली त्यातच गेले. कानातला आवाज माणसाला कुठवर नेतो बघा.) पाण्याखाली डुबकी मारणाऱ्यांना तर हे आणखी जपायला लागतं, दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि सगळ्यात मोठा फरक वरच्या पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, त्यामुळे दुखायच्या आधीपासून कान मोकळा करत जायचं, आणि सर्दी असेल तर पाण्यात उतरायचंच नाही.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीनंतर पडद्यामागे चिकट पाणी साचून राहणं हे इतकं होतं की बहुतेक मुलांना शाळेत जायच्या वयापर्यंत एकदा तरी झालेलं असतं. आणि मूल सांगत नाही, कान बंद झालाय म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं. हाक मारली तर बघत नाही, टीव्हीच्या जवळ जाऊन बसतो, वर्गात लक्ष नाही, बाई म्हणतात खोडकर आहे, आईबाप म्हणतात मुद्दाम करतो, ओरडा बसतो. बऱ्याच मुलांचं तीन महिन्यांत आपोआप साफ होतं म्हणून लगेच घाई करत नाहीत, पण तीन महिन्यांनी परत तपासायचं असतं आणि तिथे पालक येत नाहीत, कारण तोवर सवय झालेली असते. अँटिबायोटिक आणि सर्दीच्या गोळ्यांचा या पाण्यावर उपयोग होत नाही. नाकपुडीने फुगा फुगवायचं एक साधन मिळतं, शाळेतल्या वयाच्या मुलांना त्याने काहीसा फायदा होतो. नाहीच गेलं आणि ऐकू येणं कमीच राहिलं तर ग्रोमेट. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती मुलाच्या कानालाही लागते, हे ऐकून बापलोकांना नवल वाटतं. बोलायला शिकायच्या वयात कान बंद राहिला तर शब्द अर्धवट पडतात आणि मग स्पीच थेरपीसाठी परत आमच्याकडेच येतात.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साचलं आणि ते हटत नसेल तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने बघून घ्यायला हवी, तिथे गाठ असली तर कधीकधी पहिली खूण हीच असते. घाबरवायला नाही सांगत, बहुतेकांच्यात काही निघत नाही, पण बघायला पाच मिनिटं लागतात.

बाकी किरकोळ. कान बंद आणि खाज भयंकर असेल तर बुरशी असू शकते, ओलसर कानात आणि वारंवार तेल टाकलेल्या कानात ती छान वाढते, त्यावर आणखी तेल म्हणजे तिची सोयच. जबड्याच्या सांध्याचं दुखणं असलं, रात्री दात खाणारी माणसं असली की कान गच्च वाटतो आणि तपासणीत कान अगदी ठणठणीत निघतो, पेशंटला वाटतं आपल्याला खोटं ठरवतायत. कान भरून येतो, गरगर फिरतं, आवाज येतो आणि काही तासांनी सगळं ओसरतं, परत काही दिवसांनी तेच, असं असेल तर मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराचा विचार करावा लागतो. मुलाने कानात बी घातली तर पाणी टाकू नका, ती फुगते. किडा गेला तर पडद्याला भोक नसल्याची खात्री असेल तर थोडं तेल टाकून तो मारता येतो, काढायचा डॉक्टरने. आणि बटण सेल गेला तर एक मिनिट थांबायचं नाही, थेंब टाकायचे नाहीत, काही तासांत तो आतली कातडी जाळतो. कानाच्या मशीनचे सेल तेच असतात हे आजी-आजोबांच्या घरात लक्षात असू दे.

मळ साचू नये म्हणून काय करायचं हे लोक विचारतात तेव्हा मी सांगते की काही न करणं जमलं तर बघा, आणि ते सगळ्यात कमी लोकांना जमतं. बाहेरची पाळी ओल्या कपड्याने पुसा, बोट जाईल तिथपर्यंतच. पोहून आल्यावर डोकं दोन्ही बाजूंना कलतं करून पाणी निथळू द्या, टॉवेलने बाहेरून टिपा. इअरफोन अधूनमधून काढा, त्यांची टोकं पुसा, दुसऱ्याचे घालू नका. ज्यांना वारंवार मळ साचतो त्यांनी आणि कानाचं मशीन घालणाऱ्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी कान बघून घ्यावा, मशीन शिट्टी मारायला लागलं की लोक मशीन बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेतात, पुष्कळदा बिघाड मशीनमध्ये नसतो, समोर मळ असतो. नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, हळू.

तर संपादक महाशय, विनंती एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापा. मेणबत्तीचा उपाय काढून टाका. आणि ‘आठवडा-दोन आठवडे वाट बघा’ याच्या खाली ठळक अक्षरात हे टाका की एका कानाला तीन दिवसांच्या आत अचानक कमी ऐकू यायला लागलं तर वाट बघायची नाही, पहिल्या एक-दोन दिवसांतच ईएनटीकडे जाऊन कान तपासून घ्यायचा आणि मळ नसेल तर त्याच दिवशी ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणचाचणी मागायची. डॉक्टर म्हणाले सर्दी असेल, आठवड्याने या, तरी मागायची. ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, त्या वेळी तुम्ही या विषयावर परत लिहिणारच असाल, तेव्हा लेख छापायला जाण्याआधी माझ्यासारख्या कोणाला तरी एकदा दाखवा, पैसे नकोत.

आपली,
पेपर रोज वाचणारी एक ऑडिओलॉजिस्ट